सदतीस टक्क्यांवर

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आर्वीची आत्या येईल त्याला सांगायची. खोटं नव्हतं ते. पण रागवायलाही समोर कोणीतरी लागतं, आणि आमच्या घरात तेव्हा दोनच माणसं होती, मी आणि बाबा. मी दहावीत असताना आई गेली. त्यानंतर वर्ध्याजवळ पिपरी मेघेतल्या दोन खोल्यांत आम्ही बापलेक राहत होतो. एकमेकांना जपून, आणि जवळजवळ न बोलता. पाणी आलं का, लाईट गेली का, जेवून घे. दिवसाचं बोलणं एवढ्यात संपायचं. संध्याकाळी बाबा बाहेर ओट्यावर बसायचे, मी आत बसायचे, आणि आमच्या दोघांच्या वतीनं रेडिओ बोलायचा.

बाबा फिटर होते. कापसातून सरकी काढणारं यंत्र, ज्याला आमच्याकडे जिन म्हणतात, ते त्यांनी तीस वर्षं खोललं आणि जोडलं. त्याच यंत्रानं त्यांच्या उजव्या अनामिकेचं टोक एका बाजूनं कापून नेलं होतं. ते बोट त्या बाजूनं अगदी सपाट होतं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. उलट यंत्रांवर त्यांची मायाच जास्त. लहानपणी दसऱ्याला ते मला कारखान्यात न्यायचे. सगळी यंत्रं बंद, धुऊनपुसून उभी, आणि फिटर लोक हळदकुंकू लावत फिरायचे. एकदा मी करंडा घेऊन धावत गेले आणि मोठ्या चाकाला बोट लावणार, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं.

“चालत्या अंगाले नाई, माय. उभ्या अंगाले लावजो.”

“काऊन?”

“चालत्या अंगाले लावलं तं थे फिरतानी अडते. पूजा करा, पण कामाच्या आडवं येऊ नाई.”

मी मग यंत्राच्या लोखंडी पायाला कुंकू लावलं. बाबांनी मान हलवली. मला पेढा मिळाला, आणि बाकी सगळं मी विसरून गेले.

पुढे तो कारखाना बंद पडला. बाबा घरी आले ते हत्यारांची एक पिशवी आणि एक भलंमोठं सागवानी टेबल घेऊन. त्याच टेबलावर त्यांनी आयुष्यभर पुर्जे मांडले होते. घरी आल्यावरही ते त्यावर काहीबाही करत बसायचे. कोणाचा पंखा, कोणाची मोटर, शेजारची शिलाई मशीन. मी बी.ए. झाले, देवळीला क्लास लावून मराठी टायपिंग आणि छपाईसाठी पानं लावायला शिकले, आणि मोठ्या हिकमतीनं एक कॉम्प्युटर घरी आणला. तो खोका ठेवायला घरात एकच जागा होती.

“बाबा, टेबल मले लागंल,” मी म्हटलं.

त्यांनी त्याच दुपारी टेबल रिकामं केलं. हत्यारं पोत्यात भरली आणि पोतं खाटेखाली सरकवलं. आता ते काम कुठं करतील, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा सुचलंच नाही.

एक दिवस ते चिंधी घेऊन कीबोर्ड पुसत होते. पुसता पुसता काहीतरी दाबलं गेलं आणि मी उघडून ठेवलेलं पान पडद्यावरून नाहीसं झालं. मी ओरडले, “हात नोका लावू त्याले! तुमाले नाई समजत त्यातलं!” माझा आवाज शेजारी गेला असणार, कारण शेजारचा कुकर आणि बोलणं दोन्ही थांबलं. बाबांनी चिंधी खांद्यावर टाकली आणि बाहेर गेले. त्यानंतर झाडतानासुद्धा ते त्या टेबलापासून हातभर लांबून जायचे. पान दोन मिनिटांत परत सापडलं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. देवळीच्या एका शाळेला पन्नास वर्षं झाली होती आणि तिची स्मरणिका टाईप करून पानं लावायचं काम मला मिळालं. माझं पहिलं मोठं काम. नेमकी त्याच वेळी आत्या आर्वीहून स्थळ घेऊन आली. माझ्यासमोरच बाबांना म्हणाली, “तुही पोरगी दिवसभर टकटक करून राह्यली. यानं का संसार होते?” बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, “दिवाळीपर्यंत पाह्य तू. थे पुस्तक झालं, तं तुह्यं तू जाण. नाई झालं, तं भाऊबीजेले माह्यासंग आर्वीले चाल. पोरगा पाहून घे.”

मी “हाव” म्हटलं. मला लग्नाची भीती नव्हती. खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट हवी होती: बाबांनी एकदा म्हणावं, की पोरी, हेही काम आहे. त्यांच्या लेखी काम म्हणजे ज्यानं हात काळे होतात ते. माझे हात पांढरे राहायचे. मी आठ आठ तास बसून उठले तरी त्यांच्या डोळ्यांत मी बसलेलीच असायची.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शाळेचे हेडमास्तर घरी आले. त्यांना एकच काळजी होती. “मॅडम, लाईट सारखी जाते आजकाल. मशीन मेली तर सगळं जाईल ना?” मी टेबलावरची सीडी उचलून दाखवली, प्लास्टिकच्या पाकिटातली. ऐटीत म्हटलं, “सर, मशीनचा जीव या सीडीत आहे. ही हाताशी असली की मशीन मेली तरी पुन्हा उभी करता येते. तुमची पानं डिस्कच्या दुसऱ्या भागात आहेत, त्यांना काही होत नाही.” हेडमास्तर समाधानानं चहा प्यायले. बाबा कोपऱ्यात लसूण सोलत होते. ते ऐकत असतील असं मला वाटलं नाही, कारण माझं बोलणं ते ऐकतात असं मला कधीच वाटत नसे.

दसऱ्याला सकाळी मी उरलेले लेख आणायला देवळीला गेले. दुपारी एसटीनं परत आले तर बाबांची पूजा आटोपली होती. पाटावर नटबोल्टचे पाने, पक्कड, हातोडी, रॉकेलनं धुऊन लखलखीत. प्रत्येकाला हळदकुंकू, वर अक्षता, झेंडूचं एकेक फूल. शिवणाच्या सुईलासुद्धा कुंकू होतं. आणि माझा कॉम्प्युटर होता तसाच, कपड्याखाली झाकलेला. मी कपडा उचलून बघितलं. कुठं बोटभर कुंकू नाही, एक पाकळी नाही.

मला फार वाईट वाटलं. रडायला यावं इतकं. बिनकामाच्या हातोडीला फूल, आणि ज्यावर मी दिवसभर डोळे फोडते ते यंत्र घरात नसल्यासारखं. करंडा समोरच होता. मी स्वतः लावू शकले असते. पण मग ती पूजा माझी झाली असती, आणि मला ती त्यांची हवी होती. “सोनं घे, माय,” म्हणत बाबांनी आपट्याची पानं दिली. मी घेतली, वाकून पाया पडले, आणि जेवताना एक शब्द बोलले नाही. बाबांनीही विचारलं नाही. आमच्या घरातली भांडणं अशीच व्हायची, ज्याचं त्याला माहीत.

चार दिवसांनी लाईट गेली. नेहमी जाते तशीच, पण त्या दिवशी यूपीएसच्या बॅटरीनंही दगा दिला आणि कॉम्प्युटर काम चालू असतानाच बंद पडला. लाईट आल्यावर सुरू केला तर काळ्या पडद्यावर दोन ओळी: अमुक एक फाईल सापडत नाही. पुन्हा सुरू केला, पुन्हा त्याच ओळी. मी हातपाय गाळले नाहीत. क्लासमध्ये हे शिकवलं होतं. डिस्कचा पहिला भाग पुसायचा, सीडी घालायची आणि सिस्टिम नव्यानं टाकायची. मी फ्लॉपी लावली, पहिला भाग पुसला. आता मागे फिरायची सोय नव्हती. मग सीडी पाकिटातून काढली, शिकवल्याप्रमाणे कडेला धरून, नावाची बाजू वर, आणि ट्रेमध्ये ठेवली.

पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. दहा टक्के, वीस, तीस. मी चहा मांडला. चहा गाळत असताना आतून घुर्र आवाज आला, आणि येऊन बघते तर पट्टी सदतीस टक्क्यांवर उभी. इंग्रजीत लिहिलं होतं की एक फाईल वाचता येत नाही. खाली तीन संभाव्य कारणं दिली होती. तिसरं होतं, सीडी मळलेली असू शकते. मी ते वाचून चक्क हसले. आणल्यापासून दोनदा पाकिटाबाहेर आलेली सीडी कशानं मळेल?

आमच्याकडे म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुढचे सहा दिवस मी तो वळसा घालत होते.

दुकानदाराकडे गेले तर शटर बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, थे गावाले गेला, सोयाबीन काढून राह्यला, दिवाळीनंतर येजा. मग कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून क्लासच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, रॅम काढून तिचे पितळी दात खोडरबरानं घासा. घासले. सदतीस टक्के. सर म्हणाले, केबल बदला. पिपरीपासून वर्ध्यापर्यंत सायकल मारत गेले, केबल आणली, लावली. सदतीस टक्के. सर म्हणाले, डिस्क तपासून घ्या. तपासणी सुरू केली की अर्ध्यात लाईट जायची, आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. शेवटी सर म्हणाले, “मॅडम, हार्डडिस्कच गेली असेल. नवी टाका.” नवी टाकायची म्हणजे जुनीतली सत्तरेक पानं गेली. हेडमास्तरांनी गावोगावच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून हस्तलिखितं मागवली होती, ती परत करूनही झाली होती. मी फोन ठेवला तेव्हा बूथवाला म्हणाला, “काय झालं ताई, घरी सब ठीक?” मी म्हटलं, ठीक.

मला सांगावंसं वाटत होतं कोणाला तरी. मैत्रिणी लग्न होऊन कोणी हिंगणघाटला, कोणी पुलगावला. आत्याला सांगितलं असतं तर तिनं पेढे वाटले असते. घरात बाबा होते, तीन हातांवर, आणि त्यांना सांगायचं म्हणजे हरले म्हणून सांगायचं. दिवाळी जवळ येत होती. शेजारी चकलीचा घाणा लागला होता. मी उघड्या पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून असायची, पत्रा काढलेला, वायरी बाहेर लोंबलेल्या. कामाच्या दिवसांत त्याच्या पंख्याचा एकसुरी आवाज मला सोबतीसारखा वाटायचा. तो बंद झाल्यावर घर किती शांत आहे ते कळलं. इतकं शांत, की ओट्यावर बाबांनी कूस बदलली तरी आत ऐकू यायचं.

एकदा ट्रे बाहेर आला तेव्हा त्यावर तांबूस भुकटी दिसली, चिमूटभर. मला वाटलं गंज. म्हटलं, घ्या, आता हाही गंजला. फुंकर मारून उडवून दिली.

सहाव्या दिवशी दुपारी मी पुन्हा एकदा सीडी घातली, केवळ दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. पट्टी सदतीसवर आली आणि तेच घुर्र सुरू झालं. मागे बघते तर बाबा दारात. कितीतरी दिवसांनी ते टेबलाच्या इतक्या जवळ आले होते. मान तिरपी करून ऐकत होते, जिनच्या बेअरिंगचा आवाज ऐकायचे तसे.

“आतमंदी काही तरी फिरते,” ते म्हणाले. “चांगलं फिरते, मंग एका जाग्यावर अडते. पुन्हा जोर मारते, पुन्हा अडते.”

“बाबा, हे जिन नोय.”

“नसंल. पण फिरते काय थे?”

“सीडी फिरते.”

“सीडी फिरते?”

“हाव.”

“थे पाकिटातली? थे चकती फिरते आतमंदी?”

“हाव ना बाबा! कितीदा सांगू?”

त्यांचा चेहरा मी नीट पाहिला असता तर बरं झालं असतं. मी पडद्याकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, “फिरणारी गोष्ट अडली, तं पह्यले फिरणाऱ्यालेच पाह्यजो. उलटंपालटं करून पाह्यजो.” मग चपला घातल्या. “मी जरा बाजारातून येतो,” म्हणाले, आणि टळटळीत उन्हात निघून गेले. दुपारी दोन वाजता बाबा कधी बाजारात जात नसत.

ते गेल्यावर मी चिडूनच सीडी काढली. फिटरला आता कॉम्प्युटरही कळायला लागला, असं काहीतरी पुटपुटत अंगणात उन्हात गेले आणि सीडी उलटी केली.

चकचकीत बाजूवर, कडेपासून बोटभर आत, हळदीचा पिवळा गोल आणि त्यावर कुंकवाचा ठसा होता. फिरून फिरून त्याच्या कडा उडाल्या होत्या, पण ठसा जागच्या जागी होता. तांदळाचा अर्धा दाणा कुंकवात चिकटून वाळला होता. आणि ठसा एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं सरळ कापल्यासारखा सपाट.

आधी मला संतापच आला. हे खोटं सांगणार नाही. सहा दिवस! खोडरबर, केबल, सायकल, बूथवाल्याचं सब ठीक, सगळं एका बोटापायी! बाबा समोर असते तर मी पुन्हा शेजारचा कुकर थांबवला असता. पण ते नव्हते, आणि अंगणात कोणीच नव्हतं, आणि तो ठसा माझ्या हातात होता. त्याच्याकडे बघता बघता राग ओसरला. त्यांनी यंत्राला हात लावला नव्हता, कारण मी हात लावू नका म्हटलं होतं. जीव कशात आहे ते मात्र त्यांनी ऐकलं होतं. मी नसताना त्यांनी पाकिटातून ती चकती काढली असेल. एका बाजूला पेनानं लिहिलेलं, तेव्हा ती पाठ समजली असेल; आरशासारखी बाजू ते तोंड. पाकिटात निजलेली वस्तू, तिला चालतं अंग असेल हे कुठून कळणार? वर अक्षता टाकली, वाळू दिलं, आणि होती तशी, नाव वर करून, परत ठेवून दिली. माझ्या लक्षात येऊ नये म्हणून.

मी कापूस ओला केला. तो ठसा पुसायला घेतला. आतून बाहेर, हलक्या हातानं, शिकवलं होतं तसं. कापूस आधी गुलाबी झाला, मग लाल. सुक्या कापडानं टिपलं, सीडी घातली आणि खाली मान घालून बसले. घुर्र आवाज आला नाही. वर बघितलं तेव्हा पट्टी साठाच्या पुढे गेली होती.

दुसरा भाग उघडला, सगळी पानं जागेवर होती.

बाबा दिवेलागणीला आले. पंख्याचा आवाज दारातच ऐकला असेल त्यांनी. “झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“काय झालतं?”

ते उत्तराची वाट बघत होते. मला बोलायचं होतं. बाबा, तुम्ही पूजा केली माझ्या मशीनची, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर बिघाड कोणाचा हेही म्हटल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, “वायर ढिली होती.”

“हं,” बाबा म्हणाले. त्यांची नजर टेबलाच्या कडेवर गेली. तिथं तो लाल कापूस तसाच पडला होता. मी उचलायचा विसरले होते. ते हातपाय धुवायला गेले. सकाळी मी उठले तेव्हा कापूस नव्हता.

स्मरणिका दिवाळीच्या दोन दिवस आधी छापायला गेली. भाऊबीजेला बाबा एकटेच आर्वीला गेले. जाताना म्हणाले, “डब्यात चिवडा हाय, खाजो.” स्थळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आत्यानंही काढलं नाही, म्हणजे बाबांनीच तिला काहीतरी सांगितलं असणार. मी वाट बघत होते की ते मलाही काही सांगतील. शाळेनं दिलेली प्रत मी मुद्दाम त्यांच्या खाटेवर ठेवली. त्यांनी ती उचलून नीट फळीवर ठेवून दिली. ती भाऊबीज मी एकटीनं काढली, पंख्याचा आवाज ऐकत. पैज मी जिंकले होते, आणि घरात सांगायला कोणी नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला मी ठरवून सीडी टेबलावर ठेवली. या वेळी चकचकीत बाजू खाली, नावाची वर; म्हटलं, लावतील तर इथं लावतील. बाबांनी मला झेंडू आणायला बाजारात पिटाळलं. दारात दोन झुडपं फुललेली असताना! मी कुरकुरत गेले. परत आले तर पाटावर पाने, पक्कड, हातोडी. सीडीला बोट लागलेलं नव्हतं. कॉम्प्युटरचा कपडाही हलला नव्हता. त्या लाल कापसानं त्यांना सगळं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. एकदा त्यांच्या हातून माझं काम अडलं, आता ते पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीत.

मी सांगायला हवं होतं. नुसतं हात धरून म्हणायचं होतं, बाबा, इकडून लावा. पण मी वाट बघत राहिले. दरवर्षी दसऱ्याला सकाळी ते मला झेंडूला पाठवायचे, दरवर्षी मी चिडत जायचे, आणि परत येऊन कपडा उचलून बघायचे. काही नाही. मग मी बघणंही सोडलं. कामं वाढली. लग्नपत्रिका, प्रबंध, दिवाळी अंक. माणसं येत, बाबा त्यांना पाणी देत आणि बाहेर जाऊन बसत. मनात एक गाठ बसून राहिली, की माझ्या कामावरून त्यांनी हात काढून घेतला तो घेतलाच.

सात दसरे असे गेले. आठव्याच्या आधी, भादव्यात, बाबा गेले. ओट्यावर बसल्या बसल्या गेले, कोणाला त्रास न देता.

वर्षभरानं मी नवा कॉम्प्युटर घेतला, सपाट पडद्याचा, आणि त्याच्यासाठी लहानसं टेबल. जुनं टेबल शेजारच्या मुलीला अभ्यासाला द्यायचं ठरलं. दोन माणसं उचलायला आली. दारातून सरळ निघेना, म्हणून त्यांनी ते आडवं केलं.

मी बसायचे त्या बाजूचा डावा पाय. त्याच्या आतल्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, एकाखाली एक कुंकवाचे ठसे होते. वरचा जवळजवळ पुसट, खालचा अजून लाल. प्रत्येकाखाली हळद. प्रत्येक ठसा एका बाजूनं सपाट. मी खाली बसून मोजले. सात.

चालत्या अंगाला नाही, उभ्या अंगाला. कामाच्या आडवं येऊ नये. शेवटच्या वर्षांत त्यांचे गुडघे इतके दुखायचे की ते पाटावरसुद्धा बसू शकत नसत. त्या टेबलाखाली ते कसे शिरले असतील, कशाला धरून उठले असतील? मी येईपर्यंत त्यांना वेळ लागत असणार. बाजार लांब होता, म्हणूनच.

मी तिथंच फरशीवर बसून रडले, त्या दोन अनोळखी माणसांसमोर. ते बिचारे टेबल धरून उभे. शेवटी त्यातला एक म्हणाला, “ताई, कुठं ठेवू हे?”

“जिथं होतं तिथंच ठेवा,” मी म्हटलं. शेजारच्या मुलीला मी नवं टेबल दिलं.

अजून त्याच टेबलावर काम करते. टाईप करताना माझा डावा गुडघा त्या पायाला टेकतो, आतल्या बाजूनं. तो आधीही तिथंच टेकायचा, सात वर्षं, रोज.